डाउट की क्वेश्चन? सारखे वाटणारे आणि गोत्यात आणणारे इंग्रजी शब्द

वाटसरू_कराडचा

नमस्कार मंडळी. दोन वर्षं वाचनमात्र होतो, पहिलाच धागा आहे, सांभाळून घ्या.

मी बारावीपर्यंत कराडला, मराठी माध्यमात. आता पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि रोज संध्याकाळी लंडनच्या टीमबरोबर कॉल असतो. इंग्रजीवाचून काम अडत नाही, असा माझा समज होता. परवा (मागच्या परवा, पुढच्या नव्हे) तिकडच्या एका सीनियर माणसानं नवं डिझाइन दाखवलं. मला एवढंच विचारायचं होतं, की अमुक बटण दोनदा दाबलं गेलं तर काय होईल. मी चॅटमध्ये लिहिलं, 'आय हॅव अ डाउट अबाउट युअर डिझाइन.'

माणूस गप्प झाला. मग त्यानं पाऊण तास आकडे, आलेख, जुने निर्णय, सगळं काढून डिझाइन कसं बरोबर आहे ते पटवून दिलं. शेवटी जरा घुश्शातच विचारलं, की अजून काही आक्षेप? मी म्हटलं, नाही हो, ते बटण दोनदा दाबलं तर? उत्तर चार शब्दांचं होतं.

नंतर मॅनेजरनी सांगितलं, की 'डाउट' म्हणजे त्यांच्या लेखी 'मला हे पटत नाही'. तुला 'क्वेश्चन' म्हणायचं होतं.

तर प्रश्न असा: असे सख्खे भाऊ वाटणारे पण एका घरात न राहणारे इंग्रजी शब्द तुम्हाला कुठे भेटले? व्याकरणाच्या पुस्तकातली यादी नको, ती माझ्याकडेही आहे. फजिती सांगा.

टोपणनाव_सुचेना

रुमाल टाकून ठेवतो. रात्री सविस्तर.

खवचट_काकू

आमच्या शाळेत गणिताच्या बाई तास संपताना विचारायच्या, 'एनी डाउट्स?' आणि अख्खा वर्ग चिडीचूप. आज कळलं का ते. बाईंवर विश्वास होता आमचा.

पंतोजी

वाटसरू, पहिला धागा झकास. पस्तीस वर्षं मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजी शिकवून निवृत्त झालो, तेव्हा हा विषय म्हणजे माझ्या पोटापाण्याचा.

तुमचा 'डाउट' आला 'शंका' या शब्दावरून. आता गंमत पाहा. मराठीत आपण शंका *विचारतो* आणि शंका *घेतो*. 'त्यानं सरांना शंका विचारली' म्हणजे तो हुशार, जिज्ञासू. 'त्यानं सरांवर शंका घेतली' म्हणजे त्याची आता धडगत नाही. इंग्रजीला ज्यासाठी दोन नामं लागतात, ते आपण एक नाम आणि दोन क्रियापदं यांत भागवतो. भाषांतर करताना आपण नाम उचलतो आणि क्रियापद घरी ठेवून जातो. 'हॅव' हे काही विचारण्याचं क्रियापद नाही, घेण्याचंही नाही. मग समोरचा आपल्या सोयीनं अर्थ लावतो.

दुसरं उदाहरण, ज्यात मी शेकडो मुलं बुडताना पाहिली: 'टिल' आणि 'बाय'. मराठीत दोन्हींना 'पर्यंत'. 'पाचपर्यंत ऑफिसात आहे' म्हणजे पाच वाजेतो तिथेच बसून आहे. 'पाचपर्यंत पाठवतो' म्हणजे पाचाच्या आत कधीतरी. आपला गोंधळ कधीच होत नाही, कारण 'असणे', 'थांबणे' या लांबत जाणाऱ्या क्रिया आहेत आणि 'पाठवणे', 'पोचणे' या एका क्षणात उरकणाऱ्या. पुन्हा तेच, फरक क्रियापदात. इंग्रजी मात्र तो 'टिल' आणि 'बाय'वर सोपवते. पहिल्याला 'टिल', दुसऱ्याला 'बाय'. 'आय विल सेंड इट टिल फाइव्ह' ऐकलं, की इंग्रजाच्या डोळ्यांपुढे पाच वाजेपर्यंत तेच पत्र पुन्हा पुन्हा पाठवणारा माणूस उभा राहत असणार.

'सिन्स' आणि 'फॉर'चंही तेच. 'दोन वर्षांपासून' आणि '२०१९पासून', आपल्याकडे दोन्हींना 'पासून'. म्हणून 'सिन्स टू इयर्स'.

वाटसरू_कराडचा

पंतोजी, दंडवत. 'टिल' मी काल संध्याकाळीच एका मेलमध्ये टाकलाय. 'आय विल फिनिश टिल मंडे.' आता तो मेल परत कसा ओढू?

खवचट_काकू

ओढू नकोस. सोमवारपर्यंत संपवत राहा.

थेम्सकाठी

'सिन्स टू इयर्स'बद्दल फार लाजू नका. माझा जर्मन सहकारी वीस वर्षं इंग्लंडमध्ये राहून हीच चूक करतो, कारण जर्मनमध्येही दोन्हींना एकच शब्द आहे.

पण 'डाउट'ची माझी गोष्ट ऐका, ती उलटी आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एडिंबराला होतो. निघताना ऑफिसातल्या एका स्कॉटिश बाईंना विचारलं, छत्री घेऊ का? त्या खिडकीबाहेर बघून म्हणाल्या, 'आय डाउट इट विल रेन.' मी शाळेत शिकलो होतो, 'डाउट' म्हणजे खात्री नसणे. पाऊस काही येत नाही म्हणजे. छत्री ठेवून गेलो आणि स्टेशनपर्यंत चिंब झालो. दुसऱ्या दिवशी बाई म्हणाल्या, अहो, मी सांगितलं होतं ना पाऊस येईल म्हणून!

स्कॉटलंडमध्ये 'डाउट'चा जुना अर्थ टिकून आहे. 'मला वाटतं, भीती आहे, की असं होईल.' इंग्लंडात हा अर्थ मागे पडला.

पंतोजी

वा! थेम्सकाठी, हे मला नवीन. आणि लक्षात येतंय का, स्कॉटिश बाई मराठी बोलत होत्या! 'पाऊस येईल अशी शंका आहे' म्हणजे बहुधा येणार. 'पाऊस येईल की नाही, शंकाच आहे' म्हणजे बहुधा नाही. आपली शंका दोन्ही बाजूंनी वाजते. 'अशी' आली की एक अर्थ, 'की नाही' आलं की दुसरा.

अर्धा_कप

सगळ्यांचा आदर ठेवून थोडा वेगळा सूर लावतो. आपण का म्हणून सतत दिलगीर व्हायचं? भारतात 'डाउट' म्हणजे प्रश्न, हे कोट्यवधी लोकांना कळतं. स्कॉटिश बाई म्हणाल्या तर 'जुना अर्थ टिकून आहे' आणि कराडचा मुलगा म्हणाला तर चूक? आपलं 'प्रीपोन' आधी लोक हसण्यावारी न्यायचे, आज ते ऑक्सफर्डच्या कोशात आहे. भाषा वापरणाऱ्याची असते.

थेम्सकाठी

अर्धा कप, तत्त्व मान्य. पण वाटसरूचा पाऊण तास गेला त्याचं काय? चूक की बरोबर हा प्रश्नच नाही. समोरच्याच्या कानात काय पोचलं, हा आहे. मी स्कॉटलंडला भिजलो तेव्हा बाईंचं इंग्रजी चुकीचं नव्हतं, माझंही नव्हतं. भिजलो मात्र मी.

आणि इंग्रज-अमेरिकन तरी एकमेकांना कुठे कळतात? 'क्वाइट गुड' म्हटलं तर अमेरिकन खूश होतो, त्याला ते 'खूपच छान' वाटतं. इंग्रज म्हणतो तेव्हा पुष्कळदा त्याचा अर्थ 'ठीक आहे, चालेल' एवढाच.

सदाशिवपेठी_मांजर

म्हणजे आमचं 'बरं होतं'. लग्नाच्या जेवणाला पुणेकर 'बरं होतं' म्हणाला, तर यजमानानं ते कौतुक समजायचं की कसं, हे कुठल्याही कोशात मिळत नाही.

रानजाई

'होमली' कुणीच कसं काढलं नाही?

माझ्या मावशीनं अमेरिकेतल्या एका स्थळाला माझ्या मावसबहिणीची माहिती इंग्रजीत लिहून पाठवली. त्यात ठळक अक्षरांत 'होमली'. आपल्याकडच्या विवाहविषयक जाहिरातींत याचा अर्थ घरकामाची आवड असलेली, घरात रमणारी. ब्रिटिशांकडे 'होमली' म्हणजे घरासारखं उबदार, साधं. अमेरिकेत 'होमली' म्हणजे दिसायला बेताची. मुलगा तिथेच जन्मलेला. त्यानं आईला विचारलं म्हणे, की या लोकांनी स्वतःच असं का लिहिलंय? फारच प्रामाणिक दिसतात.

लग्न झालं. याच मुलाशी. आता ती त्याला अधूनमधून ऐकवते.

टोपणनाव_सुचेना

रानजाई, हाहाहा! 'फारच प्रामाणिक'!

रुमालाच्या जागी माझी भर. 'शेड' आणि 'शॅडो'. मुलीला सहावीत विचारलं होतं, तिनं मला विचारलं, मी म्हटलं दोन्ही सावलीच. बाईंनी लाल रेघ मारली आणि मुलीनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती अजून विसरलो नाही. मग शोधून काढलं: 'शॅडो'ला आकार असतो, ती कुणाची तरी असते, त्याच्या मागेमागे हलते. 'शेड' म्हणजे ऊन नसलेली जागा, तिथे बसता येतं. झाडाच्या सावलीत बसलो ती 'शेड', संध्याकाळी माझी सावली लांब पडली ती 'शॅडो'.

खगोल_खुळा

याचा पुरावा दर मे महिन्यात मिळतो. सूर्य बरोबर डोक्यावर येतो तो 'शून्य सावली दिवस' पुण्यामुंबईकडे मे महिन्याच्या मध्याच्या आसपास असतो. भर दुपारी आम्ही मैदानात उभी पाइप लावून मुलांना दाखवतो, की बघा, सावली गायब. दरवर्षी एखादे आजोबा विचारतातच, 'सावली गायब, मग त्या वडाखाली लोक कसले बसलेत?' आजोबांचं बरोबर असतं. त्या दिवशी 'शॅडो' पायाखाली जाते, 'शेड' जागच्या जागी असते.

ग्रहणातल्या दोन सावल्यांना मात्र आपल्याकडे नेमके शब्द आहेत. गडद ती प्रच्छाया, फिकट ती उपच्छाया.

मिश्कील_मामा

मंडळी, एक तांत्रिक अडचण. मला 'स्टेशनरी' आणि 'स्टेशनरी' यांतला फरक विचारायचा आहे.

सदाशिवपेठी_मांजर

आणि 'प्रिन्सिपल' आणि 'प्रिन्सिपल' राहिलं. आमच्या शाळेत एकाला दुसऱ्याचा पत्ता नव्हता.

पंतोजी

हसा. पण मामांच्या जोडीत खरी गोष्ट दडलीय. एक 'स्टेशनरी' म्हणजे एका जागी उभं, दुसरी म्हणजे वह्यापेनं. मुळात दोन्ही एकाच लॅटिन शब्दातून आलेले. मध्ययुगात बहुतेक विक्रेते पाठीवर गाठोडं घेऊन गावोगाव हिंडायचे. पुस्तकं-कागद विकणारे मात्र विद्यापीठाजवळ कायमचं दुकान थाटून एका जागी बसायचे. म्हणून ते 'स्टेशनर'. लंडनमध्ये त्यांचा संघ १४०३ साली स्थापन झाला. म्हणजे वह्यापेनांची ती 'स्टेशनरी' झाली, कारण दुकानदार जागचा हलत नव्हता.

मिश्कील_मामा

आमच्या गल्लीतला अजूनही हलत नाही. लाल पेन मागितलं तर म्हणतो, निळं घ्या, ते जवळ आहे.

स्टीलचा_डबा

अभियंता म्हणून माझं म्हणणं असं, की काही जोड्यांत मराठी माध्यमवाल्यांची चांदी आहे आणि त्यांना ते माहीत नसतं.

'स्पीड' आणि 'व्हेलॉसिटी'. इंग्रजी माध्यमातली मुलं दोन्ही शब्द रोजच्या बोलण्यात सारखेच वापरतात, मग परीक्षेत धडपडतात. आपल्याला पुस्तकात चाल आणि वेग असे दोन वेगळे शब्द शिकवले. चालीला दिशा नाही, वेगाला आहे. मैदानाला एक फेरी मारून जिथून निघालात तिथेच आलात, तर सरासरी चाल कितीही असो, सरासरी वेग शून्य. आमच्या गावच्या पुलाचं काम बघितलं, की मला हे हमखास आठवतं. भरपूर चाल. वेग शून्य.

तसंच 'हार्ड', 'टफ', 'स्टिफ'. कॉलेजात या तिघांच्या व्याख्या पाठ करून घाम निघाला. वर्कशॉपचे फोरमन सांगलीचे होते, ते एका वाक्यात सांगून गेले: 'काच टणक असते, पण चिवट नसते. नायलॉनची दोरी चिवट असते, पण ताठ नसते.' झालं! टणक, चिवट, ताठ. चिवडा पावसाळ्यात का खावासा वाटत नाही, तेही त्यातच आलं.

एक तक्रार मात्र आपल्याबद्दल. 'सिमेंटचा रस्ता' म्हणू नका हो. रस्ता काँक्रीटचा असतो. सिमेंट ही त्यातली चिकटवणारी पूड. खडी आणि वाळू ढिगानं लागते, तिचं नाव कुणी घेत नाही.

खवचट_काकू

डबा, मग आम्ही भाकरीला 'ज्वारी-पाणी-मीठ' म्हणायचं का? :)

स्टीलचा_डबा

काकू, तुम्ही तिला 'पाण्याची भाकरी' म्हणत असाल तर आक्षेप आहे.

नाडीपरीक्षा

दवाखान्यातून आत्ता सुटले. आमच्याकडची जोडी 'साइन' आणि 'सिम्प्टम'. मराठीत दोन्हींना सर्रास 'लक्षण' म्हणतात. 'सिम्प्टम' म्हणजे पेशंट जे सांगतो: डोकं दुखतंय, मळमळतंय. ते मला दिसत नाही, मोजता येत नाही, मला विश्वास ठेवावा लागतो. 'साइन' म्हणजे मला जे सापडतं: ताप १०२, यकृत हाताला लागतंय, डोळे पिवळे. पेशंट सांगतो ते आणि मला सापडतं ते जुळलं नाही, की खरी डॉक्टरकी सुरू होते. विद्यार्थ्यांना मी सांगते, एक कानानं गोळा करायचं, दुसरं हातानं आणि डोळ्यानं.

दुसरी जोडी २०२०ची. 'आयसोलेशन' आणि 'क्वारंटाइन'. ज्याला रोग झालाच आहे त्याला वेगळं ठेवणं ते 'आयसोलेशन'. ज्याचा संपर्क आला आहे, पण अजून झालाय की नाही माहीत नाही, त्याला थांबवून ठेवणं ते 'क्वारंटाइन'. हा शब्द मूळचा व्हेनिसकडचा, चाळीस दिवसांवरून आलेला. जहाजं तेवढे दिवस बंदराबाहेर थांबवायचे. सरकारी मराठीत यांना विलगीकरण आणि अलगीकरण असे शब्द केले. केले चांगल्या हेतूनं, पण ऐकायला इतके सारखे, की आमचे कर्मचारीसुद्धा फलक उलटे लावायचे. एका आजींनी मला विचारलं होतं, 'मला वि की अ?' मी म्हटलं, आजी, तुम्हाला अ. त्या म्हणाल्या, म्हणजे अजून वाचण्याची आशा आहे.

कलमबहाद्दर

नाडीपरीक्षा, आजींना नमस्कार!

वकिलीत जोड्याच जोड्या. वर्तमानपत्रं रोज लिहितात, 'दोघांनी दुकानावर दरोडा टाकला'. दोघांना दरोडा टाकताच येत नाही! कायद्यानं दरोडा म्हणजे पाच किंवा अधिक जणांनी मिळून केलेली जबरी चोरी. १८६०च्या दंडसंहितेत तसं होतं, १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही तसंच आहे. चार असतील तर जबरी चोरी. मारहाण, धाक काहीच नसेल तर साधी चोरी. घर फोडून आत शिरले तर घरफोडी. नव्या कायद्यात हिसकावून पळणं हा वेगळा गुन्हा आला आहे, साखळीचोरांची सोय झाली. इंग्रजांनाही या पाचांच्या टोळीसाठी स्वतःचा शब्द सापडला नाही, इथलाच 'डकॉइट' उचलून कायद्यात घातला.

पण शब्दाच्या अर्थावरून देशात काय घडू शकतं, ते पाहायचं तर 'कन्सल्टेशन' घ्या. राज्यघटनेच्या अनुच्छेद १२४ मध्ये आहे, की न्यायाधीशांची नेमणूक राष्ट्रपती सरन्यायाधीशांशी विचारविनिमय करून करतील. आता विचारविनिमय म्हणजे नुसतं विचारणं, की त्यांची संमती मिळणं? सर्वोच्च न्यायालयानं १९८१ साली सांगितलं, विचारणं म्हणजे संमती नव्हे. १९९३ साली नऊ न्यायमूर्तींच्या पीठानं हे फिरवलं. सरन्यायाधीशांच्या मताला प्राधान्य, थोडक्यात संमतीच. त्यातून आजची न्यायवृंदाची (कॉलेजियमची) पद्धत आली, म्हणजे ज्येष्ठ न्यायाधीशांनीच नवे न्यायाधीश सुचवायचे. शब्द तोच, छापलेलं पुस्तक तेच, अधिकार मात्र या हातातून त्या हातात.

अर्धा_कप

म्हणजे माझाच मुद्दा, अर्थ वापरणारा ठरवतो.

कलमबहाद्दर

हो, पण नऊ जणांचं पीठ लागतं. :)

खवचट_काकू

आमच्या घरीही 'विचारविनिमय' होतो. जेवायला काय करू, असं मी विचारते. मग ठरलेलं करते.

मृगाचा_पाऊस

'वेदर' आणि 'क्लायमेट'. इथे मराठी खरंच अडते. 'हवामानाचा अंदाज' यात हवामान म्हणजे 'वेदर', आज-उद्याचं. 'हवामान बदल' यात तोच शब्द 'क्लायमेट'. ते एका-दोन दिवसांचं नसतं, साधारण तीस वर्षांची सरासरी धरतात. त्यामुळे जानेवारीत दोन दिवस कडाक्याची थंडी पडली, की व्हॉट्सॲपवर येतं, 'कुठे गेली तुमची तापमानवाढ?' एका शब्दानं दोन भांडणं एकत्र बांधली आहेत.

गंमत म्हणजे जुन्या बोलीत फरक होता. 'आज हवा कुंद आहे', हे 'वेदर'. 'मला कोकणची हवा मानवत नाही', हे 'क्लायमेट'. हवापालटाला लोक महाबळेश्वरला जायचे, ते काही एका दिवसाच्या ढगांसाठी नाही.

(अवांतर: पुण्यातलं वेधशाळेचं 'सिमला ऑफिस' हे नाव पडलं, कारण हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्याला आलं. पुढे ते दिल्लीला गेलं, नाव मात्र शिवाजीनगरच्या चौकात राहिलं.)

साखळीकर

गोव्याचा, सध्या लेस्टरला. इथे आल्यावर पहिल्या रविवारी खाटकाकडे 'मटन' मागितलं. घरी आणलं, चांगलं शागुती करायच्या बेतात. शिजता शिजेना आणि वासही वेगळाच. नंतर कळलं, इथे 'मटन' म्हणजे वय झालेल्या मेंढीचं. कोवळं ते 'लँब'. आपलं बोकडाचं हवं असेल तर 'गोट' मागायचं.

आणि जिवंत असताना एक नाव, ताटात आल्यावर दुसरं, हे आणखी एक.

पंतोजी

त्याला नॉर्मन जबाबदार. १०६६ साली फ्रान्समधून येऊन त्यांनी इंग्लंड जिंकलं. पुढची दोन-तीनशे वर्षं दरबाराची भाषा फ्रेंच. गुरं राखणारा शेतकरी 'काऊ', 'शीप' म्हणत राहिला आणि मेजवानीच्या टेबलावरचे फ्रेंच शब्द 'बीफ', 'मटन' झाले, असं सांगतात. इंग्रजीत एका अर्थाचे दोन-दोन शब्द इतके का, याचं मोठं उत्तर इथेच आहे. एक घरचा, एक पाहुणा. 'बिगिन' घरचा, 'कमेन्स' पाहुणा. आपल्याकडे नाही का, पाणी आणि जल? पाणी प्यायचं, जल अर्पण करायचं. 'एक ग्लास जल द्या' म्हणून हॉटेलात सांगून बघा.

सदाशिवपेठी_मांजर

सांगितलं. वेटर म्हणाला, पूजा कुठाय?

संपादक मंडळ

मटणाच्या पाककृतींचे तीन प्रतिसाद पाककृती विभागात हलवले आहेत. कृपया विषयाला धरून.

रानजाई

विषयाला धरून. 'एन्व्ही' आणि 'जेलसी'. मला हा फरक चाळिशीत कळला आणि तोही मराठीतून. दुसऱ्याकडे आहे ते माझ्याकडे नाही, ही बोच म्हणजे 'एन्व्ही'. माझं आहे ते दुसरं कुणी नेईल, ही धास्ती म्हणजे 'जेलसी'. पहिल्यात दोन माणसं पुरतात, दुसरीला तिसरं लागतं. आता मराठी बघा. 'हेवा वाटावा असा संसार' म्हणतो, मत्सर वाटावा असा म्हणत नाही. आणि सवतीमत्सर म्हणतो, सवतीहेवा कधी ऐकलंय? आजीला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं, पण तिनं दोन्ही शब्द कधी अदलाबदल केले नाहीत.

नाडीपरीक्षा

रानजाई, 'तिसरं लागतं' हे वाचून थांबले. फार नेमकं.

नागपुरी_संत्रं

काय जी, दोन दिवस झाले, धागा शंभरीकडे चालला अन् धागाकर्ता कुठं गेला? त्या लंडनवाल्याचं काय झालं ते सांगा ना भाऊ.

वाटसरू_कराडचा

आहे आहे, रिलीज होतं म्हणून गायब होतो. सगळं वाचलं. रानजाईंचा प्रतिसाद आणि डॉक्टरांच्या आजी बायकोला वाचून दाखवल्या.

तर लंडनवाला. पंतोजींचं विचारणं-घेणं मी त्याला सोमवारी कॉलनंतर सांगितलं. म्हटलं, आमच्याकडे शंका विचारतातही आणि घेतातही, मी त्या दिवशी विचारत होतो. माणूस चांगला निघाला. हसला, म्हणाला, मग भारतातल्या लोकांनी गेली आठ वर्षं माझ्या प्रत्येक डिझाइनवर 'डाउट' घेतला तो सगळा प्रश्नच होता का? मी म्हटलं, बहुतेक. तो म्हणाला, मी दोनदा नोकरी सोडायचा विचार केला होता.

त्याला 'शंका' शब्द फार आवडला. वहीत लिहून घेतला. आता टीममध्ये कुणी 'डाउट' म्हणालं, की विचारतो, 'आस्किंग ऑर टेकिंग?' इथवर सगळं ठीक होतं.

काल त्यानं आमच्यातल्या एकाला विचारलं, की मराठीत 'छोटं' कसं म्हणतात, जरा प्रतिष्ठित शब्द सांग. यानं भाबडेपणानं सांगितलं, लघु. लघुपट, लघुउद्योग. आज सकाळच्या कॉलला तिकडचे आणि इकडचे मिळून चाळीस जण होते, वर दोन डायरेक्टर. माझं बोलून झाल्यावर साहेबांनी गळा साफ केला आणि मोठ्या अभिमानानं म्हणाले, 'बिफोर वी क्लोज, आय हॅव अ लघुशंका.'

खवचट_काकू

आस्किंग ऑर टेकिंग?